आईनस्टाईन नापास झाला, पण कशात?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आईनस्टाईनसुद्धा गणितात नापास झाला होता, तेव्हा पोरांनो, खचू नका! सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण गोष्ट साफ खोटी आहे. तो नापास झाला तो कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत, परक्या देशात, आणि तेही भाषा व सामान्य विषयांमुळे. त्यानंतर त्याने काय केले, हे मात्र कुणी सांगत नाही. परदेशी शिक्षणाची तयारी करणारी आपली मुले-मुली आम्हाला नेहमी विचारतात, की गुण कमी पडले, परीक्षा पुन्हा द्यावी का? त्यांच्यासाठी ही खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी कामाची आहे.

अल्बर्टचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतल्या उल्म शहरी, ज्यू कुटुंबात झाला. वडील आणि काका यांचा म्युनिकमध्ये विजेच्या यंत्रांचा धंदा होता. १८९४ साली तो बुडाला आणि कुटुंब इटलीत गेले. शिक्षण पुरे व्हावे म्हणून पोराला म्युनिकलाच ठेवले. तिथली लष्करी थाटाची शिस्त आणि घोकंपट्टी त्याला सोसवेना. वर्षअखेरीस त्याने डॉक्टरचा दाखला मिळवला, शाळा सोडली आणि थेट आईबापांचे घर गाठले. पण निघण्यापूर्वी गणिताच्या मास्तरांकडून आपल्या गणितातील प्रावीण्याचे पत्र लिहून घ्यायला तो विसरला नाही. आम्हा वकील मंडळींना या पंधरा वर्षांच्या पोराचे हे पाऊल फार भावते. शाळा सोडली, पण कागद सोडला नाही!

आता पुढे काय? शाळा अर्धवट सुटलेली, राहणे इटलीत, नागरिकत्व जर्मनीचे आणि प्रवेश हवा स्वित्झर्लंडमध्ये. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये एक सोय होती. शाळा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र नसले तरी प्रवेश परीक्षा देऊन आत जाता येई. अट होती अठरा वर्षे वयाची. अल्बर्ट साडेसोळा वर्षांचा! कुटुंबाच्या एका परिचिताने शब्द टाकला आणि संचालक आल्बिन हेरझोग यांनी वयाची अट बाजूला ठेवून त्याला बसू दिले. हे दार केवळ बुद्धीच्या जोरावर उघडले नाही, हे वाचकांनी नोंदवून ठेवावे. गुणवत्ता गुणवत्ता म्हणून जे ओरडतात, त्यांना गुणवत्तेच्या मागे उभी असलेली ओळखपाळख कधी दिसत नाही.

ऑक्टोबर १८९५ मध्ये परीक्षा झाली. गणित आणि भौतिकशास्त्रात पोराने परीक्षकांना चकित केले. फ्रेंचसह सामान्य विषयांत तो कमी पडला. निकाल लागला, प्रवेश नाही. पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक वेबर इतके खूश झाले, की झुरिकमध्ये राहिलास तर माझ्या व्याख्यानांना येऊन बस, असे त्यांनी सुचवले. म्हणजे मोह समोरच होता. वर्षभर आवडीचे विषय ऐकायचे, इतर विषय घोकायचे आणि तीच परीक्षा पुन्हा द्यायची. हेरझोग यांचा सल्ला वेगळा होता. जवळच्या आराऊ गावातील कँटोनल शाळेत जा, शालेय शिक्षण पुरे कर, तिथले प्रमाणपत्र आण. त्या प्रमाणपत्रावर पॉलिटेक्निकमध्ये परीक्षेविना प्रवेश मिळत होता.

अल्बर्टने दुसरी वाट धरली. आमच्या मते त्याच्या आयुष्यातला हा फार शहाणा निर्णय होता. जी परीक्षा एकदा आडवी आली, तिच्यावरच पुन्हा डोके आपटण्यापेक्षा नियमाने दिलेला दुसरा मार्ग त्याने घेतला. यात वर्ष गेले, पण वाया गेले नाही. आराऊला तो विंटेलर या शिक्षकाच्या घरी राहिला. शाळा मोकळी होती. पाठांतरापेक्षा स्वतः पाहून, करून शिकण्यावर तिचा भर होता. प्रकाशकिरणाच्या मागे त्याच वेगाने धावत गेलो तर काय दिसेल, हा प्रश्न त्याला पडला तो याच काळात. सापेक्षतेच्या सिद्धांताचे बीज ते हेच! सप्टेंबर १८९६ मध्ये तो उत्तीर्ण झाला. बीजगणित, भूमितीत सहापैकी सहा आणि फ्रेंचमध्ये तीन. फ्रेंच शेवटपर्यंत कच्चेच राहिले, पण आता त्याने काही अडले नाही. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि स्वित्झर्लंडमध्ये ६. गणितात नापास झाल्याच्या दंतकथेला या उलटसुलट पद्धतीनेही हातभार लावला असे मानले जाते.

त्याच वर्षी, जानेवारीत, त्याने जर्मन नागरिकत्व सोडले होते. पुढे १९०१ साली स्विस नागरिकत्व मिळेपर्यंत पाच वर्षे तो कुठल्याच देशाचा नव्हता. नातेवाइकांकडून दरमहा येणाऱ्या शंभर फ्रँकमधून वीस फ्रँक तो या नागरिकत्वाच्या फीसाठी बाजूला टाकत असे.

याच वर्गात मिलेव्हा मारिच होती. सर्बियन भाषिक, गटात एकटीच मुलगी. १९०० साली पदविकेच्या अंतिम परीक्षेत अल्बर्ट पास झाला, ती नापास. १९०१ मध्ये तिने पुन्हा परीक्षा दिली, तेव्हा ती गरोदर होती आणि लग्न झालेले नव्हते. पुन्हा अपयश आले आणि तिचे शिक्षण तिथेच थांबले. आराऊसारखी आडवाट तिच्या वाट्याला आली नाही. पुढे दोघांचे लग्न झाले, १९१९ मध्ये घटस्फोटही झाला. जगाने अल्बर्टचे नापास होणे लक्षात ठेवले, तेही चुकीचे. मिलेव्हाचे कुणाच्या लक्षात आहे?

आईनस्टाईन यांनाही पदविकेनंतर विद्यापीठात जागा मिळाली नाही. १९०२ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी लागली आणि तिथेच १९०५ चे ते जगप्रसिद्ध शोधनिबंध लिहिले गेले. १९१२ साली ते झुरिकच्या त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून परतले, जिने सतरा वर्षांपूर्वी त्यांना परत पाठवले होते.

नंतर ते बर्लिनला असताना पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठाची दारे बंद होती. १९२० च्या सुमारास या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग चालवण्यात आईनस्टाईन यांनी पुढाकार घेतला. हिटलर आल्यावर, १९३३ साली, त्यांना स्वतःलाच देश सोडून अमेरिकेत जावे लागले. मानद पदव्यांना ते सहसा नकार देत. पण मे १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाची, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी घ्यायला ते मुद्दाम गेले, वर्णद्वेषावर कठोर बोलले आणि तिथल्या मुलांना सापेक्षता शिकवून आले.