आधी स्वतःला टोचून घेतलं

हाफकिन हे नाव खेड्यापाड्यांतल्या बायांना तसं अनोळखी नाही. सापाच्या विषावरचं इंजेक्शन किंवा पोलिओचे डोस यांच्याबरोबर ते कधी ना कधी कानावर पडलेलं असतं. पण हे नुसतं मुंबईतल्या एका संस्थेचं नाव नाही. हाफकिन नावाचे हाडामांसाचे गृहस्थ होऊन गेले, आणि टायफाइडच्या पहिल्या लसीमागेही त्यांच्या कामाची प्रेरणा होती, हे किती जणींना ठाऊक आहे?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. ते शहर तेव्हा रशियात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, शिक्षण प्राणिशास्त्राचं. हुशारी भरपूर, पण धर्म बदलल्याशिवाय तिथे पुढे जाता येईना. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये लागले, तेही ग्रंथपाल म्हणून! पुस्तकं सांभाळता सांभाळता प्रयोगशाळेत काम करू लागले आणि पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली. जुलै १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि गावोगाव फिरून चाळीस हजारांवर लोकांना त्यांनी लस दिली.

इंग्लंडमध्ये आल्मरोथ राईट नावाचे डॉक्टर होते. ते सैन्यातल्या डॉक्टरांना शिकवत. हाफकिन यांच्याशी त्यांची भेट झाली, आणि पटकीसाठी जे केलं ते टायफाइडसाठी का करू नये, हा विचार पुढे सरकला. टायफाइडचे जंतू उष्णता देऊन मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे, म्हणजे शरीर खऱ्या जंतूंशी लढायला आधीच तयार राहतं. १८९६ मध्ये राईट यांनी ही लस करून पाहिली. जर्मनीतही त्याच वर्षी असे प्रयोग झाले. पुढे पहिल्या महायुद्धात टायफाइड आणि पॅराटायफाइडचे दोन प्रकार, अशा तिन्ही जंतूंची मिळून टीएबी नावाची लस सैनिकांना देऊ लागले.

त्याच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती पुन्हा आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखलं, पण ते सुखरूप राहिले. मगच दुसऱ्यांना दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता आपल्या सावित्रीबाई फुले गेल्या. काळ किती कठीण होता, याची यावरून कल्पना यावी.

आणि मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी घात झाला. तिथे १०७ जणांना लस टोचली, त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले! दोष आला हाफकिन यांच्यावर. त्यांना पदावरून दूर केलं. पुढे कळलं की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मलेरिया डासांतून पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ १९०७ मध्ये त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले, तेव्हा कुठे डाग पुसला गेला. ते परत भारतात कामाला आले, पण मधली उमेदीची वर्षं गेली ती गेलीच. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. लग्न केलेलं नव्हतं, संसार नव्हता.

हे सारं आमच्या धनजच्या बायांना मी मुद्दाम सांगते. बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं होतं, टायफाइडची सुई पोराला द्यावी का, आणि काही बरंवाईट झालं तर? तिची भीती खोटी नव्हती. मुलकोवालही खोटं नव्हतं. पण तिथे लस वाईट नव्हती, एक चिमटा अस्वच्छ होता. म्हणून नर्सबाईंना सुई नवी आहे ना, असं विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना टायफाइडची नवी लस दिली. नंतरच्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांना टायफाइड बराच कमी झालेला आढळला. मात्र ही लस पॅराटायफाइडवर चालत नाही. ताप तसाच, रेंगाळणारा. जंतू जवळचे भाऊबंद, पण वेगळे.

मग काय करायचं? मैत्रिणींनो, टायफाइडचा जंतू माणसाच्याच पोटात वाढतो आणि विष्ठेतून पाण्यात, अन्नात जातो. आपण ज्याला मोतीझरा किंवा मुदतीचा ताप म्हणतो, तो हाच. रोगी बरा झाल्यावरही कुणाकुणाच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षं दडून राहतो, आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. म्हणून घरात कुणी आजारी नसलं तरी संडासाहून आल्यावर आणि कणीक मळण्याआधी साबणाने हात धुवायचे. पावसाळ्यात पाणी उकळूनच माठात भरायचं. माठात हात बुडवायचा नाही, ओगराळं ठेवायचं. गुपचुपच्या गाडीवरचं पाणी कुठलं, हे पोरांसमोरच विचारायचं. ताप तीन दिवसांवर गेला तर दुकानातून गोळी आणून दडपायचा नाही, रक्त तपासायचं. आणि औषधाचा कोर्स, दोन दिवसांत बरं वाटलं तरी, अर्धवट सोडायचा नाही. अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होतात, मग तीच औषधं पुढच्या लेकराला लागू पडत नाहीत.

लसीचं म्हणाल तर आपल्या डॉक्टरांना विचारा, आशाताईंना विचारा. प्रश्न मनात ठेवून घरी बसू नका, एवढंच माझं सांगणं.