छात्रालयातील गुरुजी

1924 साली खानदेशातील अमळनेर येथे प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने हे तरुण शिक्षक रुजू झाले. पुढे शाळेच्या छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. छात्रालयाचा प्रमुख म्हटला की छडी आणि दरडावणी ही ठरलेलीच, असा तो काळ. सानेगुरुजींनी यांपैकी काहीच हाती घेतले नाही. मुले खोलीत नसली म्हणजे ते आत जात. केर काढीत, विस्कटलेली अंथरुणे नीट घडी करून ठेवीत, मळके कपडे धुऊन वाळत टाकीत, कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसून लख्ख करीत. परत आलेली मुले चकित होत आणि हे कोणी केले ते कळताच ओशाळत. अशाने मुले आळशी होतील, ही शंका कोणासही यावी आणि ती अगदीच निराधार नव्हे. परंतु ज्यांच्याविषयी आदर वाटतो त्यांना आपला केर काढावा लागावा, हे मुलांच्या मनाला लागले. हळूहळू केरसुणी त्यांच्याच हाती आली. कोणी आजारी पडले तर गुरुजी त्याच्या उशाशी बसून शुश्रूषा करीत.

परक्या मुलांविषयी एवढी माया त्यांच्या ठायी कोठून आली? 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड येथे त्यांचा जन्म झाला. घरची सुस्थिती ओसरून दारिद्र्य आले होते. औंध येथे शिकत असता हाताने स्वयंपाक करावा व पुष्कळदा अर्धपोटी निजावे, असे दिवस त्यांनी काढले. 1917 साली आई वारली, तेव्हाही ते घरापासून दूरच होते. घर सोडून राहणाऱ्या मुलाचे दुःख त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वहस्ते लिहीत. आज एक मजकूर क्षणार्धात सहस्रावधी लोकांपर्यंत पोचतो. हे दैनिक मात्र छात्रालयातील मूठभर मुलांसाठीच असे आणि त्यासाठी गुरुजी रात्री जागत.

1930 साली शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात पडले. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पुढे पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून ते कित्येक महिने गावोगाव हिंडले. अखेर 1 मे 1947 रोजी त्यांनी तेथे उपोषण आरंभिले. ज्यांनी दार अडविले होते त्यांच्याविषयीही त्यांनी मनात द्वेष धरला नाही. छात्रालयातील मार्गच येथेही होता. कष्ट आपण सोसावयाचे आणि दुसऱ्याचे मन जागे होण्याची वाट पाहावयाची. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले व गुरुजींनी उपोषण सोडले.