छऱ्याच्या बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत: डॉ. सलीम अली

इंदिरानगरमधल्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर हल्ली एक नवं वेड दिसतं. परदेशातल्या लांब पल्ल्याच्या शिकारीचे व्हिडिओ. दूर टेकडीवर हरीण, बंदुकीवर बसवलेली दुर्बीण, तिच्यातली काळी फुली आणि मग धाडकन आवाज. मग घरात विषय निघतो, अब्बू, एअरगन घेऊ या, वर स्कोप कुठला बसवायचा? आमच्या ओळखीच्या एका घरात यावरून दोन दिवस रुसवाफुगवी चालली होती.

कायद्याचं उत्तर एका ओळीचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि एअरगनने पक्षी टिपणं हीसुद्धा शिकारच. पण पोरांना कायदा सांगून पटत नाही. त्यापेक्षा त्यांना याच वेडाने झपाटलेल्या एका मुलाची गोष्ट सांगावी असं आम्हाला वाटतं. तो मुलगाही आपल्याच समाजातला होता.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. दहा भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील मोईझुद्दीन गेले, तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा. पोरक्या भावंडांना मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात वाढवलं. या जोडप्याला स्वतःचं मूल नव्हतं. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

मामू शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची एअरगन दिली आणि पोराने ठरवून टाकलं की मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचं. घरच्या तबेल्यात भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत, नर बाहेर खिळ्यावर बसून पहारा देतोय. सलीमने बग्गीच्या आडून नेम धरला आणि नराला पाडलं. थोड्या वेळाने खिळ्यावर दुसरा नर हजर. त्यालाही पाडलं, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर! हे सगळं त्याने वहीत लिहून ठेवलं. लिहिण्यामागे बढाईच होती, पण मादीला दर वेळी नवा जोडीदार कसा लगेच मिळतो, हेही त्या नोंदीत आपोआप उतरलं. साठेक वर्षांनी ती नोंद जशीच्या तशी छापली गेली.

मग १९०८ च्या सुमाराला ती प्रसिद्ध चिमणी पडली. दिसायला साध्या चिमणीसारखी, पण गळ्यावर पिवळा डाग. आता पंचाईत अशी की चिमणी खाणं घरात चालत होतं, पण ही तीच चिमणी आहे का? हलाल की नाही? पोरगं मामूंकडे धावलं. मामूंनाही सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन सलीमला सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. गोऱ्या साहेबासमोर जायचं म्हणून पोराची भीतीने गाळण उडाली होती. मिलार्डनी पक्षी ओळखला, पीतकंठी चिमणी. तेवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. मुलाची शंका हसण्यावारी नेणारा मोठा माणूस त्या दिवशी भेटला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सुटलं. ब्रह्मदेशात तावॉयला घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले, तिथेही मन रमलं पक्ष्यांत. १९१८ मध्ये तहमीना बेगमशी निकाह झाला. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षणातली जागा हुकली. १९२६ ला मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये महिना ३५० रुपयांची नोकरी मिळाली. रजा काढून ते बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकायला गेले आणि १९३० ला परत येतात तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. बायको आहे, पगार नाही, हातात पदवी नाही.

अशा वेळी नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणींच्या घरट्यांची वसाहत होती. सलीम अली आडोसा करून तासन् तास बघत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर मुक्काम करते. नर उरलेलं विणून पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. सुगरणीचं हे गुपित त्यांनी पहिल्यांदा नीट मांडलं. तबेल्यातल्यासारखा तो नर पहिल्याच दिवशी पाडला असता तर? तेव्हा हाती एक मेलेला पक्षी उरला असता, बस्स.

पण त्यांनी बंदूक कायमची टाकून दिली, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. हैदराबादसारख्या संस्थानांच्या पक्षी-पाहण्यांत ते नमुन्यांसाठी पक्षी मारत. त्या काळी जाती नक्की करायला दुसरा मार्ग नव्हता, आणि या बाबतीत ते हळवे नव्हते. मात्र त्यासाठी बारीक छऱ्यांची बंदूक लागे, तीही जवळून, पिसं खराब होऊ नयेत म्हणून. तिच्यावर स्कोपचं कामच नव्हतं. लांबचं बघायला गळ्यात दुर्बीण असे.

१९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना बेगम वारल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली बहिणीच्या घरी राहिले आणि कामात बुडाले. १९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, नंतर डिलन रिप्ले यांच्यासोबत दहा खंड. भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा. पद्मभूषण, पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा. १९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

आपल्या जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर त्यांना महाराष्ट्राचं भरतपूर वाटलं होतं, असं सांगतात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथलं हे पाणी. राज्यातली पहिली रामसर जागा ठरली. इंदिरानगरमधून सकाळी फजरनंतर निघालात तर ऊन चढायच्या आत चापडगावला पोचता.

राहिला स्कोपचा प्रश्न. बंदुकीवरची दुर्बीण पक्षी बघायला कामाची नाही. धक्का बसतो म्हणून ती डोळ्यापासून तीन-चार इंच लांब धरावी लागते, चित्र अरुंद दिसतं, एकच डोळा वापरता येतो. त्याच पैशात दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, ८ गुणिले ४० किंवा ४२ ची. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर पाचच्या आसपास आलं तर सकाळच्या कमी उजेडातही नीट दिसतं. दुकानदार २० पटीची दाखवेल, भुलू नका. हातात धरली की चित्र नुसतं थरथरतं. लहान मुलांना ८ गुणिले ३० ची हलकी पडते. आणि पट्टा आधी गळ्यात, मगच दुर्बीण हातात. पाण्याच्या काठावर एकदा निसटली की संपलं.