आवरणातली गाठ आणि हार्वे कुशिंग

मेंदूत गाठ आहे असे सांगितले की रुग्णाच्या नातेवाईकांचा धीरच सुटतो. पण यातल्या बऱ्याच गाठी खरे तर मेंदूच्या नसतातच. त्या मेंदूभोवतीच्या आवरणातून उगवतात, वर्षानुवर्षे सावकाश वाढतात आणि मेंदूला बाहेरून दाबतात. बहुतेक कर्करोगाच्या नसतात. या गाठींना मेनिंजिओमा हे नाव दिले अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी, 1922 मध्ये.

आवरणे तीन. कवटीच्या आतल्या बाजूला जाड, चिवट ड्युरा. त्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे अरॅक्नॉइड. आणि मेंदूच्या प्रत्येक वळीत शिरलेले तलम पाया. शेवटच्या दोहोंमध्ये पाणी खेळते. हीच आवरणे खाली मज्जारज्जूलाही गुंडाळतात. मेनिंजायटिस म्हणजे यांचीच सूज. मेनिंजिओमा उगवतो अरॅक्नॉइडच्या पेशींतून, पण मूळ रोवतो ड्युरात. कुशिंग यांची सगळी झुंज या मुळाशी होती.

1869 मध्ये क्लीव्हलँडला डॉक्टरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेत भूल देताना रुग्ण दगावल्याचा चटका बसला. मग अर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी शस्त्रक्रियेत नाडी व श्वासाची नोंद कागदावर ठेवायला सुरुवात केली. 1901 मध्ये इटलीतून त्यांनी रक्तदाब मोजायचा दंडपट्टा अमेरिकेत नेला. आज गल्लीतल्या दवाखान्यातही दिसणारी ही वस्तू तेव्हा अनेक नामवंतांना नसती उठाठेव वाटली होती!

1910 मध्ये त्यांच्याकडे जनरल लेनर्ड वुड आले. अमेरिकी लष्कराचे प्रमुख, शिवाय स्वतः डॉक्टर. पायाला झटके येत होते. कुशिंग यांनी काही दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत आवरणातली गाठ काढली. त्या काळी कवटी उघडलेला रुग्ण टेबलावरून परत येईल याची शाश्वती नसे. वुड मात्र बरे होऊन कामावर रुजू झाले, 1920 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही उभे राहिले. कुशिंग यांचे नाव सर्वदूर झाले.

या गाठींना रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे खरा शत्रू रक्तस्राव. त्यावर त्यांनी 1911 मध्ये चांदीच्या चिमुकल्या क्लिपा काढल्या. 1926 मध्ये बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाचे विजेने रक्त थोपवणारे यंत्र वापरले आणि पूर्वी अर्धवट सोडलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावले. मेंदूच्या गाठींच्या शस्त्रक्रियेतले मृत्यूचे प्रमाण त्यांनी दहा टक्क्यांच्या आत आणले.

माणूस कडक होता, सहायकांना धाक वाटे. 1926 मध्येच थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. बातमी कळल्यावर त्यांनी पत्नीला सांगितले आणि ठरलेली शस्त्रक्रिया करायला गेले. याला निष्ठा म्हणावे की निष्ठुरपणा, मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्याच वर्षी वुड परत आले. गाठ पुन्हा वाढली होती. ऑगस्ट 1927 मध्ये बोस्टनला दीर्घ शस्त्रक्रिया झाली, पण रक्तस्रावाने काही तासांतच वुड गेले. हा मृत्यू कुशिंग यांना फार लागला. मूळ धरलेले आवरण आणि हाड मागे राहिले की गाठ परतण्याची शक्यता वाढते. हे गणित ऑस्ट्रेलियन शल्यविशारद डोनाल्ड सिम्प्सन यांनी 1957 मध्ये पक्के मांडले. आमच्याकडचे न्यूरोसर्जन आजही शस्त्रक्रियेच्या नोंदीत सिम्प्सन श्रेणी लिहितात.

निवृत्तीनंतर, 1938 मध्ये, कुशिंग यांनी डॉ. लुईस आयझेनहार्ट यांच्यासह मेनिंजिओमावर ग्रंथ लिहिला. या बाई त्यांच्याकडे आधी कार्यालयीन मदतनीस होत्या, मग डॉक्टर होऊन गाठींच्या तज्ज्ञ झाल्या. तीनशेहून अधिक रुग्णांच्या त्या हकिकतींत वुड यांचीही आहे, पराभवासकट.

7 ऑक्टोबर 1939 रोजी हृदयविकाराने कुशिंग वारले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत, आतल्या पाण्याच्या पोकळीत, एक लहानशी निरुपद्रवी गाठ सापडली.