फारसीचा प्राध्यापक, मराठीचा छंदशास्त्रकार

तापी नदी जेथे खंबायतच्या आखातास मिळते, तेथे सुरतेजवळ हजीरा हे गाव आहे. गावाचे नावच अरबी-फारसी वळणाचे. सुरत हे मोगलांचे वैभवशाली बंदर होते तेव्हा राज्यकारभाराची भाषा फारसी होती. बंदर, दर्या, जहाज, खलाशी, जकात हे शब्द आज आपल्या किनाऱ्यावरील कोणाही मराठी माणसास परके वाटत नाहीत. परंतु त्यांचे कूळ त्याच भाषासमूहातील आहे. मराठीच्या घरात अशा प्रकारे नांदू लागलेल्या शब्दसंपत्तीचा हिशेब मांडण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म 21 जानेवारी 1894 रोजी गुजरातेतच, बडोद्यास झाला. गायकवाडांच्या राजवटीमुळे त्या नगरीत मराठी विद्येला आश्रय होता. संस्कृताकडे वळणे ही ब्राह्मण विद्यार्थ्यांची त्या काळची सर्वसाधारण रीत. पटवर्धनांनी फारसीची वाट धरली. पुढे 1918 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते फारसी शिकवू लागले. 1923 मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते अध्वर्यू होते. गज्जल आणि रुबाई हे काव्यप्रकार मराठीत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचेच. 1925 मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांत वावरणाऱ्या अभ्यासकांची त्यामुळे मोठी सोय झाली.

कोश प्रसिद्ध झाला त्याच सुमारास मात्र त्यांच्या जीवनाची घडी विस्कटली होती. एका विद्यार्थिनीशी जुळलेल्या प्रेमसंबंधावरून पुण्यात काहूर उठले आणि त्यांना फर्ग्युसन सोडावे लागले. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा आज शंभर वर्षांनी करीत बसण्याचे प्रयोजन नाही. विद्यार्थिनी आणि प्राध्यापक यांच्या नात्यात जी मर्यादा असावी, ती असावीच. पण एवढे खरे की, त्यानंतर या व्यासंगी माणसास काही काळ खानदेशात अमळनेरला शाळामास्तरकी करावी लागली. समुद्राला मिळण्यापूर्वी तापी जो मुलूख भिजवते, त्यातलेच हे गाव. या वनवासाच्या वर्षांतही त्यांची लेखणी थांबली नाही. 1926 मध्ये ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य आले, तर 1927 मध्ये ‘छंदोरचना’ हा ग्रंथ आला.

1928 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाने त्यांना प्राध्यापकपद दिले. एका संस्थानातील ते महाविद्यालय. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठीय वर्तुळापासून दूर. परंतु तेथे लाभलेल्या सुमारे अकरा वर्षांच्या स्थैर्याचे चीज त्यांनी करून दाखविले. ‘गज्जलांजली’, ‘स्वप्नरंजन’, ‘तुटलेले दुवे’ हे काव्यसंग्रह त्याच कालखंडातले. उमर खय्यामच्या रुबायांना त्यांनी मराठी वेष दिला. 1936 मध्ये जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या खानदेशात त्यांनी शाळामास्तरकी केली होती, त्याच खानदेशाने त्यांचा असा गौरव पाहिला.

तथापि त्यांच्या कोल्हापुरातील वास्तव्याचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे ‘छंदोरचना’ची 1937 ची सुधारलेली आवृत्ती. वृत्त, जाती आणि छंद अशी मराठी पद्याची त्रिविध मांडणी त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने केली. संस्कृत गणवृत्तांप्रमाणेच ओवी-अभंगालाही तिच्यात मानाचे स्थान मिळाले. या ग्रंथाबद्दल 1938 मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. मराठी भाषेतील ग्रंथाला असा मान मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो.

त्याच वर्षी त्यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाला. फारसीचा कोशकार मराठीतून फारसी शब्द वगळण्याचा पुरस्कार करू लागला, याचे पुष्कळांना नवल वाटले. भाषाशुद्धीची त्यांची सारीच मते पटण्याजोगी नाहीत. बंदर आणि खलाशी हे शब्द काढून टाकले, तर आपला किनारा मुका होईल. तरीही फारसीचा द्वेष करणाऱ्याचे हे मत नव्हते. ती भाषा आयुष्यभर शिकविणाऱ्याचे होते. ज्ञानाअंती बदललेले मत आणि अज्ञानातून उपजलेला अभिनिवेश, यांत महदंतर आहे. भाषेवरून आजही रणे माजतात. त्यांत उतरणाऱ्यांनी निदान एवढा अभ्यास तरी करावा.

29 नोव्हेंबर 1939 रोजी, वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रातून आमच्या शिक्षणसंस्थांच्या चालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. महाविद्यालयाची थोरवी इमारतीत नसते, पटसंख्येतही नसते. एखाद्या व्यासंगी माणसास दहा वर्षे स्वस्थपणे काम करू देण्याच्या औदार्यात ती असते. विद्यार्थी थोडे म्हणून भाषेचे विषय गुंडाळावयाचे आणि प्राध्यापकास तासिकेच्या हिशेबाने राबवावयाचे, ही रीत जेथे पडेल तेथे ‘छंदोरचना’सारखा ग्रंथ निर्माण होण्याची आशा कोणी करू नये. पुण्याने गमावलेला प्राध्यापक कोल्हापूरने सांभाळला, आणि त्याचा लाभ साऱ्या मराठीला झाला. असा सांभाळ करण्याची ऐपत लहान महाविद्यालयांतही असते. प्रश्न असतो तो इच्छेचा.