कै. रमाबाई रानडे

सन १९१० मध्यें रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. मराठी स्त्रियांनीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्याचें स्थान फार वरचें आहे. परंतु हें आत्मचरित्र वाचतांना एक गोष्ट मनास चटका लावते. पती न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या मृत्यूपाशीं रमाबाईंनीं आपली लेखणी खालीं ठेविली. त्यानंतर त्या तेवीस वर्षें जगल्या आणि त्यांच्या हातून सर्वांत मोठें कार्य त्याच वर्षांत घडलें. पण त्या वर्षांस पुस्तकांत स्थान नाहीं. ज्या बाईनें आपल्याविषयीं इतकें थोडें सांगितलें, तिच्याविषयीं दोन शब्द आमच्या बालवाचकांस सांगावे, असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं देवराष्ट्रें या गांवीं कुर्लेकर घराण्यांत झाला. त्या काळीं मुलीच्या हातीं पाटी देण्याची चाल नव्हती. १८७३ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचा विवाह झाला. वर एकतीस वर्षांचे विधुर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनीं वडिलांच्या आग्रहास्तव एका कुमारिकेचें पाणिग्रहण केलें, याबद्दल त्यांस पुष्कळ दोष देण्यांत आला, आणि तो निराधार होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र रानड्यांनीं एक गोष्ट लगेच आरंभिली: त्यांनीं आपल्या लहानग्या पत्नीस स्वतः शिकविण्यास सुरुवात केली.

येथूनच रमाबाईंची खरी परीक्षा सुरू झाली. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सुनेचें शिकणें मुळींच रुचलें नाहीं. पतीची आज्ञा ‘शीक’ आणि सासरच्या बायकांची इच्छा ‘शिकूं नको’, अशा कात्रींत ती मुलगी सांपडली. टोमणे नित्याचेच झाले. उलट उत्तर द्यावयाचें नाहीं आणि पुस्तकही सोडावयाचें नाहीं, असा मार्ग त्यांनीं धरिला. मराठीनंतर त्या इंग्रजी शिकल्या. पुण्यांत मुलींसाठीं हायस्कूल निघावें म्हणून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढें भरसभेंत इंग्रजी निवेदन वाचण्याचें काम त्यांजकडे आलें, व तें त्यांनीं पार पाडलें. त्या दिवशीं घरीं परतल्यावर त्यांच्या वाट्यास कौतुक आलें नाहीं, बोलणींच आलीं. पण १८८४ मध्यें तें हायस्कूल निघालें. हुजूरपागा या नांवानें तें आजही महाराष्ट्रास परिचित आहे.

१६ जानेवारी १९०१ रोजीं न्यायमूर्ति निवर्तले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या घरीं आल्या, आणि प्रथम कांहीं काळ त्यांनीं एकांतवासांतच घालविला. त्या दुःखांत त्यांनीं जन्म काढिला असता, तरी त्या काळच्या समाजानें त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. किंबहुना विधवेपासून त्याची अपेक्षा तीच होती. परंतु त्या बाहेर आल्या. येरवड्याच्या तुरुंगांत जाऊन तेथील स्त्री-कैद्यांची त्या विचारपूस करूं लागल्या. १९०८ मध्यें मुंबईंत सेवासदन निघालें, त्याचें अध्यक्षपद त्यांनीं स्वीकारिलें. पुढच्याच वर्षीं, १९०९ मध्यें, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें पुण्याचें सेवासदन सुरू झालें, आणि त्यासाठीं त्यांनीं आपल्या घराचेंच दार उघडलें.

तेथें विधवा व प्रौढ स्त्रिया लिहावयास, शिवावयास आणि आपल्या पायांवर उभें राहावयास शिकूं लागल्या. त्यांतील कित्येकींस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण मिळालें. परक्या रोग्याची शुश्रूषा करणें हें कुलीन स्त्रीस न शोभणारें काम, असें तेव्हां लोक समजत. ज्यांनीं स्वतः घरांत टोमणे सोसले होते, त्या रमाबाईंस या मुलींच्या मनांतील भीति सांगावी लागली नसेल. पुढें मुलींचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व्हावें आणि स्त्रियांस मताधिकार मिळावा, यांसाठींही त्या झटल्या. १९२४ मध्यें त्यांचें देहावसान झालें. १९६२ सालीं त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरांत तुमची आई, काकू किंवा आजी उतारवयांत एखादें पुस्तक उघडून अडखळत वाचूं लागली, तर तिला हंसूं नका. तिच्याजवळ बसा व अडलेला शब्द सांगा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, सुनेच्या हातीं पुस्तक दिसलें तर दिव्याची वात थोडी मोठी करावी. रमाबाईंच्या घरांत हंसणारे पुष्कळ होते आणि शिकविणारा एकच होता. त्या एकाच्या शिकविण्याचें फळ पुढें शेंकडों घरांस मिळालें.