घरच्या प्रयोगातून घडलेला संशोधक

एप्रिलच्या शेवटी सोलापुरात दुपारी मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. पारा चाळिशीच्या वर, शाळेला सुट्टी, आणि मग दिवसभर हातात मोबाइल. याच महिन्यात, २९ एप्रिल १८६७ रोजी, मुंबईत शंकर आबाजी भिसे यांचा जन्म झाला. पुढे परदेशातली वर्तमानपत्रे त्यांचा उल्लेख भारताचा एडिसन असा करू लागली. दोनशेच्या आसपास शोध आणि सुमारे चाळीस पेटंट त्यांच्या नावावर सांगितली जातात. या सगळ्याची सुरुवात राहत्या घरात झाली होती. सुट्टीत मुलांना काय करायला द्यावे, असे विचारणाऱ्या पालकांसाठी म्हणूनच ही गोष्ट.

चौदा वर्षांचे असताना भिसे यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनवले. दगडी कोळसा बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे त्या काळी अशाच वायूवर जळत. रस्त्यात दिसणारी गोष्ट घरात करून पाहावी, एवढी साधी ती जिज्ञासा. हा प्रयोग आज कोणीही घरी करू नये. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. त्या मुलाची जिज्ञासा घ्यावी, कोळसा घेऊ नये.

यंत्रविद्येचे धडे भिसे यांना न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकातून मिळाले. वाचायचे आणि मग हाताने करून बघायचे, हा त्यांचा अभ्यासक्रम. विलायतेला किंवा अमेरिकेला जाऊन संशोधक व्हायचे, हे त्यांनी सोळाव्या वर्षीच ठरवले होते.

विशी ओलांडल्यावर त्यांना दृष्टिभ्रमाचा नाद लागला. एका वस्तूची डोळ्यांदेखत दुसरी वस्तू झाल्याचा भास घडवणारे प्रयोग त्यांनी बसवले आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये करून दाखवले. त्यांची रचना गुंतागुंतीची होती, पण डोळा कसा फसतो हे पाच वर्षांच्या मुलालाही दाखवता येते. पुठ्ठ्याची वाटीएवढी गोल चकती कापा. एका बाजूला पिंजरा काढा. चकती खालून वर उलटवा आणि मागच्या बाजूला पोपट असा काढा, की पिंजऱ्याच्या मानाने त्याचे डोके खाली येईल. डाव्या-उजव्या कडेला भोके पाडून दोरे बांधा, दोरे चिमटीत धरून पीळ द्या आणि सोडा. चकती गरगर फिरली की पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. समोरून गेलेल्या चित्राचा ठसा क्षणभर टिकतो आणि तेवढ्यात दुसरे चित्र येते, म्हणून दोन्ही एकत्र दिसतात. सिनेमाही डोळ्यांच्या अशाच मर्यादेचा फायदा घेतो.

याच काळात भिसे यांनी मुंबईत विज्ञानप्रेमींचा क्लब काढला. उघडून छेडछाड करता येणार नाही अशी बाटली, लोकल गाडीत पुढचे स्टेशन दाखवणारी पाटी, अशा रोजच्या अडचणींवर ते उपाय शोधत होते. मग लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा लावली : साखर, पीठ असा किराणा माल आपोआप तोलणारे यंत्र हवे होते. मुंबईच्या या तरुणाच्या आराखड्याने ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकले.

तराजूचे तत्त्व घरात शिकवायला कपड्यांचा हँगर पुरतो. तो खिळ्याला अडकवा आणि दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे हलके डबे टांगा. एका डब्यात मूठभर कोरडे हरभरे घाला, दुसऱ्यात एकेक रुपयाची नाणी टाकत तोल साधा आणि आकडा लिहून ठेवा. तेच हरभरे रात्रभर भिजवून, निथळून, पुसून सकाळी पुन्हा तोला. नाणी जवळपास दुप्पट लागतील. हे वजन आले कुठून, हे सांगण्याची घाई करू नका. रात्री किती पाणी घातले होते आणि सकाळी किती उरले, हे मूल स्वतःच विचारू लागते.

स्पर्धेतील यशामुळे भिसे यांच्यासाठी लंडनचे दार उघडले. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिले. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या दादाभाईंनी या होतकरू माणसाच्या कामात पैसे गुंतवले. भिसे यांनी दिव्यांपासून स्वयंपाकघरातील उपकरणांपर्यंत अनेक गोष्टी करून पाहिल्या. मोठे यश आले ते छपाईत. त्या काळी शिशाचा एकेक खिळा ओतून, ते जुळवून मजकूर छापावा लागे. भिसे यांनी खिळे ओतणारे नवे यंत्र काढले. ते चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांसमोर १९०८ मध्ये त्यांनी मिनिटाला सुमारे १,२०० खिळे ओतून दाखवले.

यंत्र चालले, पण पैसा आटला. दादाभाई वृद्धापकाळामुळे मायदेशी परतले होते आणि दुसरा भांडवलदार मिळेना. १९०८ च्या डिसेंबरात भिसे यांनी लंडनमधले काम बंद करून मुंबईची बोट धरली. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांनी जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला आणि टाटांच्या पाठबळाने काम पुन्हा उभे राहिले. पुढे भिसे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले.

तिथे १९२० च्या दशकात त्यांनी आयोडीनपासून ‘अॅटोमिडीन’ नावाचे औषध तयार केले. आयोडीन जंतुनाशक आहे. जखमेवर लावायचे तपकिरी पोव्हिडोन-आयोडीन आजही बहुतेक घरांत असते. आपला तिसरा प्रयोग त्याच बाटलीतला. बटाट्याची चकती, आपल्याकडच्या कडक भाकरीचा तुकडा, शिजलेला भात, काकडीची चकती आणि चमचाभर साखर ताटलीत वेगवेगळे ठेवा. कशाचा रंग बदलेल, हे मुलांकडून आधी लिहून घ्या. मग मोठ्या माणसाने प्रत्येकावर एकेक थेंब टाकावा. बटाटा, भाकरी आणि भात निळे-काळे पडतात. साखर आणि काकडीवर थेंब तपकिरीच राहतो. पिष्टाच्या लांब साखळीच्या वेटोळ्यात आयोडीन अडकले की हा रंग येतो.

आता आयोडीन न लागलेला भाकरीचा दुसरा तुकडा मुलाला सावकाश चावायला सांगा. थोड्या वेळाने तो गोडसर लागतो, कारण लाळेतील विकर पिष्ट फोडून त्याची शर्करा करते. नीट चावून खा, हे आजीचे सांगणे तेव्हा मुलाच्या जिभेलाच पटते.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. प्रयोगातले पदार्थ फेकून द्या आणि बाटली पुन्हा मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. शरीरातील थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते. ते कमी पडले तर गलगंड होतो आणि गर्भवतीच्या पोटातील बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ती गरज आयोडीनयुक्त मिठाने भागते. जखमेचे औषध पोटात घेण्यासाठी नसते.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे यांचे निधन झाले. दादाभाई, गोखले, टाटा यांच्यासारखी माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली, ती ते मोठे झाल्यावर. त्याआधी, चौदाव्या वर्षी, घरात भांडी-नळ्या मांडून बसलेल्या मुलाला तो पसारा करता आला, म्हणून पुढचे सगळे घडले. या सुट्टीत एक जुनी वही, एक हँगर आणि ओट्याचा एक कोपरा मुलांना द्या. आधी अंदाज लिहायचा, मग करून बघायचे, आणि अंदाज चुकला तर तो खोडायचा नाही, एवढा एकच नियम ठेवा. पसारा मुलांनीच आवरायचा, हे सांगायलाही हरकत नाही.